दुडकीचा पाढा

घोडा या प्राण्याविषयी माझं मत पहिल्यापासून चांगलं होतं. कारण इतकंच, की आमचा कधी संबंध आला नव्हता. लांबून पाहिलेल्या बहुतेक गोष्टींविषयी माझं मत चांगलंच असतं.

लोकांचे मेव्हणे परदेशी बदली झाली की जाताना बहिणीकडे एखादं कपाट ठेवून जातात. फार तर शिवणयंत्र. आमचे मेव्हणे घोडी ठेवून गेले. तरुण, तांबूस, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. मेव्हणे तिला चिमी म्हणत. जन्मली तेव्हा ते नाव शोभलंही असेल. आमच्याकडे आली तेव्हा चिमी मान वर करून पहिल्या मजल्याच्या गॅलरीत काय वाळत घातलंय ते बघू शकत होती.

"काही काळजी करू नका," मेव्हणे विमानतळावर म्हणाले. "घोडेस्वारीच्या क्लबात बोलून ठेवलंय. मोसम संपताना परीक्षा असते, ती दिली की क्लब तिला कायमचा ठेवून घेईल. दौडीत ती पास आहेच. चालही बरी आहे. फक्त दुडकी तेवढी सुधारून घ्या."

"आणि नाही सुधारली तर?" आमच्या हिनं विचारलं.

मेव्हण्यांनी बॅगेचं चाक तपासायला सुरुवात केली. चाकाकडे बघतच म्हणाले, "वीटभट्टीवाला विचारत होता."

हिनं मग काहीच विचारलं नाही. ही बँकेत काम करते आणि बँकेतली माणसं विचारतात त्यापेक्षा मनात जास्त लिहून ठेवतात. पण पहिल्या दिवशी चिमीवर बसल्यावर हिचा चेहरा मी पाहिला होता. वयाच्या पंचेचाळिशीला आलेली, गुडघ्याला पट्टा बांधणारी माझी बायको त्या घोडीवर शाळकरी मुलीसारखी हसत होती. लग्नात मला पाहूनसुद्धा ती इतकी हसली नव्हती. मी ते मनाला लावून घेतलं नाही. म्हणजे घेतलं, पण बोललो नाही.

बोललो ते वेगळंच. "दुडकीचं माझ्याकडे लागलं," असं बोललो. आणि घरी बोललो ते बोललो, दुसऱ्या दिवशी ऑफिसातही बोललो. आमचं खातं पाणीपुरवठ्याचं. तिथं पाण्याखेरीज कशाविषयीही बोललेलं लगेच सगळीकडे पोचतं.

आता दुडकी म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण मलाही ते तेव्हा माहीत नव्हतं. घोडा पुढचा उजवा आणि मागचा डावा पाय एकदम टाकतो, मग पुढचा डावा आणि मागचा उजवा. टप-टप, टप-टप. घड्याळासारखं. चिमीची दुडकी मात्र एका बोटानं टाइप करणाऱ्या कारकुनासारखी होती. टप. टपटपटप. मग विचार करायला थांबल्यासारखं. टप. वर बसलेल्या माणसाची बत्तीशी या टपटपटपमध्ये वाजायची आणि नंतरच्या शांततेत जीभ चावली जायची.

मी वाचनालयातून घोड्यांच्या शिक्षणावरचं एक पुस्तक आणलं. त्याची सुरुवातीची पानं कुणीतरी फाडून नेली होती, त्यामुळे घोड्याजवळ कसं जावं हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. माझ्या पुस्तकाची सुरुवातच "आता घोड्याचा तुमच्यावर पूर्ण विश्वास बसला आहे" इथून होती.

जागेचा प्रश्न सुटला असं आधी वाटलं. आमच्या गल्लीच्या टोकाला बर्फाचा बंद पडलेला कारखाना आहे. शेड आहे, मोठं आवार आहे, भोवती भिंत आहे. मालकानं किल्ली दिली, पण वर म्हणाला, "नगरपालिकेला विचारून घ्या हं."

नगरपालिकेत मी विचारलं. खिडकीमागच्या कारकुनानं चष्मा पुसला. "ती जागा औद्योगिक आहे. तिथं यंत्र ठेवता येतं. जनावर नाही."

"पण यंत्र तिथं एकही नाही."

"म्हणून तर जागा मोकळी आहे."

या उत्तरात काहीतरी चुकत होतं, पण काय ते मला सापडेना. मी तसाच उभा राहिलो. माझ्या चेहऱ्याची त्याला दया आली असावी, कारण तो खिडकीतून पुढे वाकून हळूच म्हणाला, "मग यंत्र म्हणूनच लावू या का? तुमचंही काम होईल, माझंही. सांगा, यंत्राचं नाव?"

"चिमी."

"चालतं कशावर?"

"गवतावर. कधी गाजर."

"अश्वशक्ती?"

मी जरा थांबलो. "एक."

त्यानं न हसता लिहून घेतलं. "आवाज करतं?"

"भूक लागली की."

"धूर सोडतं?"

"धूर नाही," मी म्हणालो. खोटं बोलायचा माझा स्वभाव नाही. "बाकी सगळं सोडतं."

"तात्पुरती परवानगी देतो. मोसम संपेपर्यंत. मध्ये इन्स्पेक्टर येऊन यंत्र बघून जाईल."

अशा रीतीनं चिमी एक अश्वशक्तीचं यंत्र झाली आणि मी तिचा चालक.

पुस्तकात लिहिलं होतं की शिक्षकानं लांब दोरी हातात धरून मध्यभागी उभं राहावं आणि घोड्याला आपल्याभोवती गोल फिरवावं. मी दोरी धरली. मध्यभागी उभा राहिलो. "चल," म्हणालो. चिमी चालत आली ती थेट माझ्याजवळ, आणि माझ्या खिशाचा वास घेऊ लागली. मी मागे सरकलो. ती पुढे आली. मी बाजूला झालो. ती तिथंच थांबली. मग मी तिला उदाहरण घालून द्यावं म्हणून दोरी धरून गोल धावायला लागलो. मी धावतोय आणि चिमी मध्यभागी उभी राहून मान फिरवत माझं निरीक्षण करतेय, अशा अवस्थेत ही बँकेतून आली.

"अहो," ती फाटकातून म्हणाली, "तिला फिरवायचंय ना?"

"आधी मी जागा बघतोय," मी म्हणालो. दम लागला होता, त्यामुळे हे वाक्य बरंच तुटक आलं. दुडकीसारखंच.

या आवाराच्या शेजारी मोटार शिकवण्याची शाळा आहे. तिचे मालक कुठल्याही विषयावर बोलायला लागले की गाडी क्लचवर येते, म्हणून गल्लीत त्यांना क्लचकाका म्हणतात. मुलांना शाळेत घालताना, आजारी माणसाला भेटायला गेल्यावर, एकदा तर एका साखरपुड्यात, त्यांनी 'क्लच हळू सोडायचा' असं सांगितल्याचं मी स्वतः ऐकलं आहे. आठवडाभर भिंतीवरून माझे हाल बघून झाल्यावर ते स्वतःच आत आले.

"राव, तुमचा मूळ घोटाळा माझ्या लक्षात आलाय," ते म्हणाले. "ही पहिल्यावरून एकदम चौथ्यात जाते. दुसरा गिअर पडतच नाही. दुडकी म्हणजे दुसरा गिअर. तिला गिअर कधी बदलायचा ते कळायला हवं. त्याला खूण पाहिजे."

"कसली खूण?"

खूण त्यांनी बरोबर आणली होती. रबरी फुगा दाबला की वाजणारा जुना पितळी भोंगा. शिवाय शाळेच्या गाडीवरची लाल अक्षरांची पाटी: 'शिकाऊ. अंतर ठेवा.' ती त्यांनी चिमीच्या शेपटीच्या वर, पाठीवरच्या पट्ट्याला बांधली. "कायदा आहे," ते म्हणाले.

मी मध्यभागी उभा राहिलो आणि दोरी सुटू नये म्हणून मनगटाला गुंडाळली. पुस्तकात हे करू नये असं लिहिलं असणार. बहुधा पहिल्या पानांवर. चिमी चालायला लागली. चाल छान होती. क्लचकाकांनी माझ्याकडे बघून मान डोलावली, दुसऱ्या गिअरची वेळ साधली आणि भोंगा दाबला.

नेमकं त्याच क्षणी आवाराचं फाटक बाहेरून उघडलं. हातात कागद, डोक्यावर टोपी, अशा एका गृहस्थांनी आत पाऊल टाकत विचारलं, "यंत्र बघायला आलोय. चालू आहे का?"

चालू होतं. त्यांच्या अंगावरून गेलं.

म्हणजे अगदी अंगावरून नाही. चिमी त्यांच्या उजवीकडून गेली, मी डावीकडून, आणि आमच्यामधली दोरी त्यांच्या टोपीला चाटून गेली. मागे वळून बघायला मला सवड नव्हती. गल्ली संपली, मोठा रस्ता आला. फळांच्या गाड्या, केशकर्तनालय, दवाखाना, सगळं ओळखीचंच, पण या वेगानं मी ते कधी पाहिलं नव्हतं. मला पळताना बघून ओळखीचे लोक हात करत होते. मीही करत होतो, कारण माझा एक हात तसाही वरच होता. औषधाच्या दुकानातले गृहस्थ पाटी वाचून प्रामाणिकपणे मागे सरकले. ती पाटी घोडीविषयी आहे की माझ्याविषयी, याबद्दल नंतर गल्लीत दोन मतं होती.

या शहरात घोडीला थांबायला जागा पुष्कळ होत्या. बाग होती, मैदान होतं, चारापाण्याची दुकानं होती. पण चिमीला तहान लागली होती आणि पाण्याचा हौद होता आमच्या ऑफिसच्या दारात. खात्यानं लोकांना दाखवायला बांधलेला, कारंज्याचा. ती तिथं थांबली, मान घालून पाणी प्यायला लागली आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला मी पायऱ्यांवर येऊन पडलो. वर बघतो तर साहेब उभे. कंबरदुखीसाठी माझा रजेचा अर्ज त्यांनी सकाळीच मंजूर केला होता.

साहेब कमी बोलणारे आहेत. त्यांनी आधी मला पाहिलं, मग घोडीला, मग पाटी वाचली.

"कंबरेला व्यायाम सांगितलाय वाटतं," ते म्हणाले आणि आत गेले.

एवढं होऊन इन्स्पेक्टर रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. पण ते दुसऱ्या दिवशी चुरगळलेली टोपी घालून पुन्हा आले आणि माझ्या शेजारी विटांवर बसून त्यांनीही सल्ला दिला. यंत्र तापण्याआधी सुरू केल्यामुळे असं होतं, म्हणाले. सांध्यांना तेल देता का, विचारलं. मी म्हटलं, घोडीच्या की माझ्या? ते म्हणाले, दोघांच्याही. तिसऱ्या दिवसापासून ते रोज यायला लागले. त्यांना दुसरं काम नव्हतं की चिमी आवडली होती, ते कळायला मार्ग नव्हता. पण गाजर ते स्वतःच्या पिशवीतून आणत.

परीक्षा तोंडावर आली. दुडकी होती तिथंच होती. एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी ही बराच वेळ ताटातल्या भाताकडे बघत बसली. मग म्हणाली, "वीटभट्टीवाला आज पुन्हा येऊन गेला. माझ्यादेखत तिचं तोंड उघडून दात बघितले त्यानं. खांदे चाचपले. म्हणाला, ओढायला चांगली आहे."

मी आमटीचं भांडं तिच्याकडे सरकवलं.

"तुम्ही खूप केलंत," ही म्हणाली. "पण तिला नाही येणार दुडकी."

"कुणाला नाही येणार दिडकी?" आतल्या खोलीतून आवाज आला.

हा आवाज आमच्या आत्याचा. आत्या प्राथमिक शाळेत मुख्याध्यापिका होती. तिच्या घराची दुरुस्ती चालू असल्यामुळे ती आमच्याकडे राहायला आली होती. तिला एका कानानं कमी ऐकू येतं आणि दुसऱ्या कानानं ती तिला हवं तेच ऐकते. दिडकी म्हणजे दीडचा पाढा. पूर्वी तो शाळेत घोकून घेत आणि आत्याच्या मते तो बंद झाल्यापासून जगाची घसरण सुरू झाली.

"दुडकी, आत्या," मी ओरडलो.

"तेच म्हणतेय मी, दिडकी. वय काय मुलीचं?"

"चार वर्षं," ही म्हणाली. घोडीचं वय खरंच तेवढं होतं.

आत्या दारात आली. "चार वर्षांच्या पोरीला दिडकी शिकवताय? डोकी ठिकाणावर आहेत ना तुमची? बेचा पाढा तरी येतो का तिला?"

"नाही," मी म्हणालो. हेही खरंच होतं.

"मग! पाया नाही आणि कळस चढवायला निघालेत. उद्या मला घेऊन चल तिच्याकडे."

मी हिच्याकडे पाहिलं. ही कित्येक दिवसांनी हसू दाबत होती. ते हसू मोडायची माझी छाती झाली नाही, म्हणून मी आत्याला खरी गोष्ट सांगितली नाही.

दुसऱ्या दिवशी आत्या छत्री टेकत आवारात आली. चिमी समोर उभी होती. आत्यानं तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. आता आपल्यावर भडिमार होणार म्हणून मी मान खाली घातली. पण मुख्याध्यापिकेनं वर्गासमोर गोंधळलेलं दिसायचं नसतं.

"ही होय," आत्या म्हणाली. "वर्गाच्या मानानं उंच आहे. चालेल. सरळ उभी राहा!"

चिमी सरळ उभी राहिली. तिच्याबरोबर मी, क्लचकाका आणि इन्स्पेक्टरही.

आत्यानं छत्रीचं टोक फरशीवर आपटलं आणि सुरू केलं. "बे एके बे! बे दुणे चार! बे त्रिक सहा!" आवाज असा, की कारखान्याच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. मी दोरी हातात घेतली. चिमी आधी दचकून चालायला लागली. मग तिचे कान पुढे झाले. मग मागे झाले. बे पाचे दहाच्या सुमाराला तिचे पाय छत्रीच्या ठोक्यावर पडायला लागले. टप-टप, टप-टप. बे साते चौदा, टप-टप. मान खाली आली, पाठ सैल झाली. घड्याळ कुणी एवढं नेमकं लावणार नाही. बे दाहे वीसला आत्या म्हणाली, "शाब्बास, थांब," आणि चिमी थांबली.

इन्स्पेक्टरांनी टोपी काढली. क्लचकाका माझ्या कानाशी येऊन कुजबुजले, "पडला. दुसरा गिअर पडला."

माझ्या मनात काय झालं ते मी इथं लिहिणार नाही. महिनाभर खपलो मी, गुडघे फोडून घेतले मी, ऑफिसात मान गेली माझी. आणि कुठल्याशा खोलीतून चुकीचं ऐकून उठलेली आत्या येते काय आणि तिला जमतं काय! मी ठरवलं, पाढे काही कुणाच्या मालकीचे नाहीत. दुपारी आत्या खुर्चीत डोळे मिटून बसली होती, ही घोडीवर होती. मी छाती काढून सुरुवात केली. चिमीनं शिक्षक बदलल्याची नोंद घेतली, एकदा फुरफुरली आणि धावायला लागली. दोनचा झाला, तीनचा झाला. पाच तर मी गाऊनच म्हटला. सातला आलो. सात साते एकोणपन्नास, टप-टप. "सात आठे चोपन्न," मी म्हणालो आणि चिमी ठेचकाळली.

"योगायोग," ही वरून म्हणाली. सोज्वळपणे.

"छप्पन्न," आत्या म्हणाली. डोळे न उघडता.

त्यानंतर परीक्षेपर्यंत आत्यानं चिमीला तेरापर्यंत आणलं. एकच अडचण राहिली. दाहे म्हणून पाढा संपला आणि पुढचा लगेच सुरू झाला नाही, की चिमी आपली थांबायची. वर्ग सुटला अशी तिची समजूत. म्हणून श्वास न घेता एका पाढ्यातून दुसऱ्यात शिरायचं, असं आत्यानं स्वतःला लावून घेतलं. आणि त्याचाच परिणाम म्हणून परीक्षेच्या दिवशी सकाळी तिनं चहा मागायला तोंड उघडलं तेव्हा नुसती हवा बाहेर आली. घसा बसला होता. साफ.

क्लबाच्या मैदानाला पांढरा कठडा होता. कठड्यापाशी आम्ही रांगेनं उभे राहिलो: मी, गळ्याला मफलर गुंडाळलेली आत्या, क्लचकाका, आणि यंत्र कुठं हलवलं जातंय ते बघणं माझं कर्तव्य आहे असं म्हणणारे इन्स्पेक्टर. पलीकडे समितीच्या खुर्च्या होत्या. मधल्या खुर्चीवर सेक्रेटरीबाई. त्या दातांच्या डॉक्टर आहेत आणि एरवीही समोरच्या माणसाकडे आता 'आ करा' म्हणणार अशाच बघतात. त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर आमचे साहेब बसले होते. ते समितीवर आहेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी त्यांना नमस्कार केला आणि तेवढ्यापुरता एक हात कंबरेवर ठेवला. वीटभट्टीवालाही आला होता. तो फाटकाजवळ सुपारी कातरत उभा होता, काही घाई नसल्यासारखा.

ही मागून आणलेलं शिरस्त्राण घालून चिमीवर बसली. चेहरा पांढरा पडला होता. चाल झाली. उत्तम. दौड झाली. जरा जास्तच झाली, पण उत्तम.

"आता दुडकी," सेक्रेटरीबाई म्हणाल्या. "मी हात वर करीपर्यंत थांबता कामा नये. स्वारानं बोलायचं नाही."

चिमी निघाली. टप. टपटपटप. टप. वर हिची मान डुलायला लागली. मी आत्याकडे पाहिलं. आत्यानं माझ्याकडे पाहिलं आणि छत्रीचं टोक माझ्या पायावर ठेवून जोरात दाबलं.

"बे एके बे," मी म्हणालो.

"कोण बोलतंय तिकडे?" सेक्रेटरीबाई कडाडल्या. "बाहेरून सूचना द्यायला मनाई आहे!"

"सूचना नाहीत, पाढे आहेत," मी म्हणालो. "बे दुणे चार. मला ते मनातल्या मनात म्हणता येत नाहीत. बे त्रिक सहा."

बाईंनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी नियमांचं पुस्तक उघडलं, पान उलटलं, मिटलं. "पाढ्यांचा उल्लेख नाही," ते म्हणाले. आमच्या खात्यात ज्याचा उल्लेख नाही ते करता येत नाही. क्लबात येत असावं.

चिमीचे कान माझ्याकडे वळले होते. बे पाचे दहाला पाऊल जमलं. मी दोनमधून तीनमध्ये शिरलो, तीनमधून चारमध्ये. टप-टप, टप-टप. बाई हात वर करीनात. पाचला क्लचकाका मला येऊन मिळाले, कारण पाचचा सगळ्यांनाच येतो. सहाला माझा श्वास संपत आला होता, तेव्हा इन्स्पेक्टरांनी आवाज लावला. सात आठे छप्पन्न मी इतक्या जोरात म्हणालो की साहेबांनी पेन खाली ठेवलं. दहाला कठड्यावरचे सगळेच म्हणायला लागले. क्लबाचे माळी, दुसऱ्या घोड्यांचे मालक, बघायला आलेल्या बायका. घोडी जणू सगळ्यांच्या आवाजावर तरंगत होती, आणि ही तिच्यावर ताठ, शांत, ओठ मिटून. अकरा गेले. बारा गेले. बाई पेन्सिलीनं मांडीवरच्या पाटीवर ताल धरून बसल्या होत्या आणि हात वर करायचं त्यांच्या ध्यानातच नव्हतं.

तेराला माणसं गळायला लागली. तेरा त्रिकला बायका थांबल्या. तेरा चोकला माळी. तेरा पाचे पासष्ट, क्लचकाका माझ्याकडे केविलवाणं बघत गप्प झाले. "तेरा सक अठ्ठ्याहत्तर," मी एकटाच म्हणालो.

"तेरा साते..."

पुढे काही नाही. डोक्यात नुसता पांढरा कठडा. चिमीनं एक पाऊल कसंबसं टाकलं आणि दुसरं उचलून तसंच हवेत धरलं. दुडकी थांबली नव्हती आणि चालूही नव्हती. आत्या पुढे झाली, तिनं तोंड उघडलं; हवा. हिला उत्तर येत होतं. मला दिसत होतं तिच्या गालांवरून. पण ती बोलली तर सगळं संपलं. फाटकाशी अडकित्त्याचा आवाज थांबला.

"एक्क्याण्णव!"

सेक्रेटरीबाई ओरडल्या होत्या. खुर्चीतून अर्धवट उठून, जिवाच्या आकांतानं, अडलेली दाढ एकदाची निघावी तसा तो आकडा त्यांच्या तोंडातून निघाला. चिमीनं उचललेला पाय ठोक्यावर टाकला आणि निघाली, टप-टप, टप-टप. आपण काय केलं हे लक्षात येऊन बाईंनी हात तोंडावर न्यायला उचलला. पण तोंडापर्यंत जायच्या आधी तो वर गेला होता, आणि हात वर गेला की दुडकी संपते हा नियम त्यांचाच.

समितीची कुजबुज बराच वेळ चालली. बाहेरून सूचना दिल्याबद्दल उमेदवाराला बाद करायचं तर सूचना देणाऱ्या बाईंचं काय करायचं, असा पेच होता. शेवटी साहेब म्हणाले, "उत्तर बरोबर होतं." चिमीला क्लबानं घेतलं. मी फाटकाकडे पाहिलं तेव्हा वीटभट्टीवाला निघून गेला होता.

ही खाली उतरली आणि चिमीच्या आयाळीत तोंड खुपसून उभी राहिली. मी जवळ गेलो, तर मान न वळवताच माझा हात तिनं धरला. "तुमचा घसाही बसलाय," ती म्हणाली. मी दुसऱ्या हातानं चिमीला थोपटलं.

आता ही रोज सकाळी बँकेआधी क्लबात जाते. आत्याचा आवाज परत आला आहे आणि तिचं घर दुरुस्त होऊनही ती परत गेलेली नाही. पुढच्या मोसमात वरच्या इयत्तेची परीक्षा आहे, तिच्यात दुडकी जास्त लांब असते. चिमीची तयारी आहे. प्रश्न माझा आहे, असं आत्याचं मत पडलं. म्हणून मला ऑफिसात पायी जायला लावलं आहे, आणि जाताना चौदापासून पुढचे पाढे, पावलाच्या ठोक्यावर, मोठ्यानं. लोक वाट देतात. परवा भर चौकात चौदा साते आठवेना. मी रस्त्याच्या मधोमध एक पाय उचलून तसाच उभा राहिलो. चारी बाजूंची वाहनं थांबली. वाहतूक पोलिसानं माझ्याकडे नीट पाहिलं, तोंडातली शिट्टी काढली, "अठ्ठ्याण्णव" म्हणाला, आणि मी पुढे निघालो.